अपस्केलिंगवाला डीव्हीडी प्लेअर घेऊन ब्लू-रेचं काम भागतं का? नाही भागत, पण उलटं मात्र भागतं

डबड्यावर मोठ्या अक्षरात "१०८० अपस्केलिंग" (म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र ताणून १०८० ओळींचं करणं) आणि खाली फुल एचडीचा शिक्का असला की दुकानदार बिनधास्त सांगतो, साहेब ब्लू-रे (म्हणजे डीव्हीडीनंतर आलेली फुल एचडी डिस्क) कशाला घेताय, याच्यात तुमच्या जुन्या डीव्हीडीच एचडी दिसतात, तेही निम्म्याहून कमी पैशात. पुण्याच्या तपकीर गल्लीत हे ऐकलंय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ऐकलंय, आणि आता ऑनलाइन लिस्टिंगमध्ये पण तेच लिहिलेलं असतं. माझ्याकडे सध्या दोन्ही आहेत, एक साधा एचडीएमआयवाला अपस्केलिंग डीव्हीडी प्लेअर (कंपनीचं नाव घेत नाही, या रेंजमधले बहुतेक सगळे आतून सारखेच असतात) आणि एक सोनीचा बीडीपी-एस६७००, म्हणजे ब्लू-रे. दोन्ही एकाच ५५ इंची ४के टीव्हीला जोडलेत, एक एचडीएमआय एकवर आणि दुसरा दोनवर, म्हणजे रिमोटचं एक बटण दाबलं की समोरासमोर तुलना. एका हिंदी पिक्चरची डीव्हीडीही आहे आणि ब्लू-रेही, भरपूर पाऊस, भरपूर गर्दी, जरीच्या साड्या, रात्रीचे सीन, म्हणजे टेस्टिंगला एकदम फिट.

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. अपस्केलिंगवाला डीव्हीडी प्लेअर ब्लू-रेची जागा घेऊ शकत नाही, जवळपास सुद्धा नाही, पण ब्लू-रे प्लेअर मात्र त्या अपस्केलिंगवाल्याची जागा आरामात घेतो, कारण तोही डीव्हीडी लावली की अपस्केलच करतो आणि बहुतेक वेळा जास्त चांगलं करतो. मग वेगळा अपस्केलर घ्यायचाच कशाला, हा खरा मुद्दा आहे आणि दुकानात तो कोणी काढत नाही.

आता हे असं का ते बघू. आपल्याकडच्या पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवर चित्र असतं ७२० बाय ५७६ चं, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. भागाकार करून बघा, बरोब्बर पाचपट येतो, दशांशाला सुद्धा काही उरत नाही. म्हणजे अपस्केल केलेल्या चित्रात पाचातला एकच पिक्सेल डिस्कवरून आलेला असतो आणि उरलेले चार प्लेअरने शेजारपाजारचे बघून अंदाजाने भरलेले असतात. डिस्क एनटीएससी (अमेरिकेतली टीव्हीची पद्धत) असेल तर अजून वाईट, ७२० बाय ४८०, तिथे सहापट, आणि गंमत म्हणजे आपल्या हिंदी पिक्चरच्या कितीतरी डीव्हीडी एनटीएससीच आहेत कारण कंपन्यांना तीच डिस्क अमेरिका-कॅनडातल्या देशी लोकांना पण विकायची होती. ४के टीव्हीवर (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) हिशोब करायचा तर पाल डीव्हीडीच्या वीसपट पिक्सेल भरावे लागतात. ऐनवेळी पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालून ती पाच जणांना पुरवता येते, पण डाळ जेवढी होती तेवढीच राहते, तसंच आहे हे.

आणि हा आकडासुद्धा फसवा आहे कारण अख्खी ५७६ ओळींची जागा चित्राला मिळतेच असं नाही. सिनेमास्कोप, म्हणजे टीव्हीपेक्षाही रुंद चौकटीचा पिक्चर असला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, मग पालवर खऱ्या चित्राला साडेचारशेपेक्षा कमीच ओळी उरतात. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डीव्हीडी ४:३ च्या चौकटीत लेटरबॉक्स करून छापलेल्या, म्हणजे वाइड टीव्हीवर लावल्या की चारही बाजूला काळं आणि मधे पोस्टकार्डाएवढा पिक्चर. असली डीव्हीडी एनटीएससी असेल तर खऱ्या ओळी उरतात जेमतेम पावणेतीनशे. तोच सिनेमास्कोप ब्लू-रेवर आठशेच्या वर ओळी घेऊन येतो. आता तुम्हीच सांगा, पावणेतीनशे ओळींचं ताणून आठशे करणारं यंत्र कितीही हुशार असलं तरी हिरोईनच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाच्या चौकड्या कुठून आणणार, त्या डिस्कवर आलेल्याच नाहीत.

तरी अपस्केलिंगला शिव्या घालायला मी बसलेलो नाही. चांगलं अपस्केलिंग ही खरंच कलाकारी आहे आणि त्यातलं अवघड काम पिक्सेल वाढवणं हे नाहीच, अवघड काम आहे डीइंटरलेसिंग. डीव्हीडीवर एक फ्रेम बऱ्याचदा दोन अर्ध्या फिल्डमध्ये ठेवलेली असते, विषम ओळी एकात आणि सम ओळी दुसऱ्यात, आणि प्लेअरने त्या जुळवून परत एक अख्खी फ्रेम करायची असते. ओरिजिनल फिल्म २४ फ्रेमची आहे की व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट केलेलं नाटक आहे हे पण त्याला स्वतःच ओळखावं लागतं. इथे चुकलं की धावणाऱ्या माणसाच्या कडा दातेरी होतात, कॅमेरा पॅन झाला की चाळीच्या कठड्याचे गज थरथरतात. फारूजा नावाच्या कंपनीची डीसीडीआय चिप एकेकाळी याच कामासाठी नावाजलेली, मग ओप्पोने (हो, मोबाइलवाल्यांचंच नाव, पण ही प्लेअर बनवणारी कंपनी) असे डीव्हीडी प्लेअर काढले की हौशी लोक अजून जपून ठेवतात. ओप्पोने २०१८ च्या एप्रिलमध्ये नवीन प्लेअर काढणं बंदच केलं. स्वस्त प्लेअरमध्ये यातलं काही नसतं, तिथे सगळ्यात कमी पैशात बसेल ती चिप, आणि डबड्यावर शब्द मात्र तोच, अपस्केलिंग.

तोशिबाचा किस्सा इथे सांगितलाच पाहिजे कारण हा सगळा वाद त्यांनी पैसे लावून खेळून बघितलाय. ब्लू-रेच्या विरोधात त्यांचा एचडी डीव्हीडी हा फॉरमॅट होता. २००८ च्या जानेवारीत वॉर्नर या हॉलिवूड स्टुडिओने आम्ही फक्त ब्लू-रे काढणार म्हणून जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. मग गप्प बसायचं ना, तर नाही, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी एक्सडी-ई५०० नावाचा अपस्केलिंग डीव्हीडी प्लेअर आणला, १४९.९९ डॉलरला. एक्सडीई टेक्नॉलॉजी म्हणे, त्यात तीन मोड, शार्प, कलर आणि कॉन्ट्रास्ट, आणि एकंदर सूर असा की तुमची आहे तीच डीव्हीडी एचडीच्या जवळ नेऊन ठेवतो, नवीन डिस्क घ्यायची गरजच काय. पण पुढे काय झालं बघा. २००९ मध्ये हीच तोशिबा ब्लू-रेवाल्यांच्या संघटनेत सामील झाली आणि वर्ष संपायच्या आत स्वतःचा ब्लू-रे प्लेअर बाजारात घेऊन आली. ज्यांना ब्लू-रे हरावा असं जगात सगळ्यात जास्त वाटत होतं त्यांनाच अपस्केलिंगवर निभावता आलं नाही, याच्यापुढे दुकानदाराचं काय ऐकायचं.

आता समोरासमोर काय दिसलं ते.

क्लोजअपमध्ये डीव्हीडी चकित करते, हे कबूल. चेहरा पडदाभर असला, लाइट चांगला असला, कॅमेरा स्थिर असला तर नऊ फुटांवरच्या सोफ्यावरून पहिल्या नजरेत फरक कळत नाही, शेजारचे काका तर म्हणाले दोन्ही एकच आहे, उगाच पैसे घातलेस. मग सीन बदलला, लाँग शॉट आला, पूल, पाऊस, छत्र्यांची गर्दी, आणि मी बटण दाबलं. डीव्हीडीवर पाऊस म्हणजे नुसतं धुकं, छत्र्या म्हणजे काळे ठिपके. ब्लू-रेवर पावसाच्या रेघा वेगवेगळ्या, छत्रीची वाकलेली काडी दिसते, मागच्या बसचा नंबर वाचता येतो. आईला यातलं टेक्निकल काही कळत नाही पण ती आपणहून म्हणाली, यात साडीचं काठाचं काम दिसतंय रे, त्यात नुसतं पिवळं दिसत होतं. काका त्यानंतर चहा घेऊन गेले, पैशाचं काही बोलले नाहीत.

रात्रीच्या सीनमध्ये फरक अजून वाढतो आणि तो फक्त पिक्सेलचा नाही. डीव्हीडीचा व्हिडिओ एमपेग-२ मध्ये असतो आणि जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट प्रति सेकंद. ब्लू-रेवर व्हिडिओला ४० पर्यंत जागा आहे आणि वर एच.२६४ सारखा कितीतरी हुशार कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत). डिस्कच मुळात ४.७ किंवा ८.५ जीबी विरुद्ध २५ किंवा ५० जीबी. तीन तासांचा पिक्चर, गाणी, वर डिस्कच्या सुरुवातीला न टाळता येणाऱ्या जाहिराती, हे सगळं डीव्हीडीत कोंबलं की पहिला बळी जातो तो अंधाराचा. काळ्या भागात चौकोन चौकोन हलताना दिसतात, अक्षरांभोवती डास घोंघावल्यासारखी कचकच दिसते. आणि अपस्केलर काय करतो, त्याला थोडंच कळतंय की हा पिक्चरचा भाग आणि ही कॉम्प्रेशनची घाण, तो दोन्ही मोठं करतो आणि वर शार्पनिंग मारतो. स्वस्त प्लेअरमध्ये तर माणसाच्या बाहेरच्या कडेने एक पांढरी रेघ येते, मागून दिवा लावल्यासारखा प्रत्येक हिरो उजळून निघतो. लोकांना पहिल्यांदा ते "क्लिअर" वाटतं. अर्धा तास बघा, डोळे दुखतात.

सबटायटल्सचं कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. डीव्हीडीतली सबटायटल्स म्हणजे छोटी छोटी चित्रं असतात, त्यांच्याकडे रंग फक्त चार, आणि रिझोल्यूशन डीव्हीडीचंच. ५५ इंचावर ताणली की अक्षरांना पायऱ्या दिसायला लागतात. इंग्लिश एकवेळ वाचता येतं, पण कोरियन नाहीतर इराणी पिक्चर सबटायटल्सवर बघणाऱ्या माणसाला दोन तास ते सहन करावं लागतं. ब्लू-रेची सबटायटल्स एचडीतच बनवलेली असतात, कापल्यासारखी स्वच्छ. मला स्वतःला चित्रातल्या फरकाइतकाच हा फरक मोठा वाटला.

रंगाची अजून एक भानगड आहे. डीव्हीडीचे रंग ज्या फॉर्म्युल्याने साठवतात तो वेगळा आणि एचडीचा वेगळा. अपस्केल करताना प्लेअरने ते बदलून द्यायला हवेत. नाही दिले तर टीव्हीला वाटतं हे एचडीच आहे, तो एचडीच्या हिशोबाने रंग उलगडतो आणि मग लाल आणि हिरवे रंग हलतात, सावळा माणूस तांबूस दिसायला लागतो. माझ्या त्या स्वस्त प्लेअरमध्ये १०८० लावलं की हेच होतं आणि ५७६ वर ठेवलं की रंग जागेवर येतात. म्हणजे डबड्यावर ज्या फीचरचे पैसे घेतलेत ते बंद केल्यावर चित्र सुधारतं! कारण सपाट टीव्ही कुठलाही असो, त्याला येणारं चित्र स्वतःच्या पॅनेलाएवढं करावंच लागतं, म्हणजे अपस्केलर टीव्हीत आधीपासून आहेच, आणि गेल्या सात-आठ वर्षांतल्या बऱ्या टीव्हीतली चिप तीन हजारांच्या प्लेअरमधल्या चिपपेक्षा नक्की वरचढ असते. तुमच्याकडे असा प्लेअर असेल तर आज रात्री हे करून बघा, सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट ५७६ वर आणा आणि बाकीचं टीव्हीवर सोडा. अजून एक फायदा म्हणजे टीव्हीच्या रिमोटवरचं झूम चालायला लागतं, १०८० पाठवलं की बरेच टीव्ही झूम बंद करून टाकतात आणि ती चारही बाजूंनी काळी असलेली डीव्हीडी पोस्टकार्डच राहते, किंवा जुनी ४:३ मालिका लावली की सगळे कलाकार जाडे दिसतात.

पाल डीव्हीडीत एक चोरी अशी आहे की ती कुठलाच अपस्केलर भरून देत नाही. फिल्म २४ फ्रेमची आणि पाल २५ ची, म्हणून पिक्चर सरळ चार टक्के जोरात पळवतात. अडीच तासांचा पिक्चर सहा मिनिटं आधी संपतो. ते ठीक, पण आवाज पण चढतो, काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतं. घरात कोणी पेटी वाजवणारं असेल तर त्याला विचारा, तो पहिल्या ओळीतच तोंड वाकडं करेल. काही डिस्कवर सूर नंतर दुरुस्त केलेला असतो, सगळ्यांवर नसतो. ब्लू-रेवर २४ चे २४, प्लेअरमध्ये २४पी ऑन केलं की झालं.

आवाजाचं बाकी थोडक्यात. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल, जास्तीत जास्त ४४८ किलोबिट, कधी कधी डीटीएस. ब्लू-रेवर डॉल्बी ट्रूएचडी नाहीतर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, म्हणजे स्टुडिओत जे होतं त्यातला एक बिटही न गाळता. पण टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर यातलं काहीही ऐकू येणार नाही, उगाच मनाचे खेळ नकोत. एव्ही रिसीव्हर आणि पाच बऱ्यापैकी स्पीकर असतील तर फरक आहे आणि तो तबल्याच्या डग्ग्यावर लगेच कळतो.

आता मोठा पण. तुमचा टीव्ही ३२ इंचाचा आहे आणि तुम्ही आठ फुटांवर बसता, तर हे सगळं विसरा. नॉर्मल डोळ्याला त्या अंतरावरून ५७६ आणि १०८० ओळींतला फरक जवळपास दिसतच नाही, तुमची डीव्हीडी आणि शेजाऱ्याची ब्लू-रे तिथे सारखीच, फक्त डीव्हीडी चांगली बनवलेली हवी. ५५ इंचाला हीच हद्द साधारण १३ फुटांवर जाते, आणि आपल्या फ्लॅटमध्ये १३ फूट मागे गेलं की माणूस स्वयंपाकघरात पोचतो, म्हणजे ५५ वर फरक दिसणारच. उलट ५५ इंचावर फुल एचडीच्या पुढचं बारीक काही दिसायला सात फुटांच्या आत यावं लागतं, त्यामुळे ४के ब्लू-रे डिस्कच्या नादाला लागायचं की नाही हे पण आधी टेप घेऊन मोजा. ४के डिस्कमध्ये एचडीआरचे (उजेड-अंधारातला फरक वाढवणारी पद्धत) रंग आणि उजेड मात्र लांबूनही कळतात, तो वेगळा विषय, आणि वेगळा खर्च.

कोणीतरी म्हणेलच की आता एआय आलंय, तुम्ही कुठल्या जमान्यातल्या चिपा घेऊन बसलात. आलंय, बघितलंय. एनव्हिडियाने २०१९ मध्ये शील्ड टीव्ही या स्ट्रीमिंग बॉक्समध्ये एआय अपस्केलिंग दिलं, २०२३ मध्ये कॉम्प्युटरच्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डांसाठी व्हिडिओ सुपर रिझोल्यूशन काढलं, मित्राच्या गेमिंग लॅपटॉपवर त्याच डीव्हीडीचा पिक्चर लावून टीव्हीला जोडला. कडा सुरेख होतात, कॉम्प्रेशनची कचकच बरीच धुऊन निघते, साध्या अपस्केलिंगपेक्षा हे चांगलं आहे यात वाद नाही. पण चेहरे मेणाचे व्हायला लागतात, म्हाताऱ्या नटाच्या सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या जातात, आणि गंमत बघायची असेल तर मागच्या दुकानाची पाटी बघा, देवनागरी अक्षरांच्या जागी काहीतरी अक्षरांसारखं दिसणारं तयार होतं. ब्लू-रेवर ती पाटी वाचता येते कारण ती फिल्मवर होती. शेवटी पाचातले चार पिक्सेल अंदाजच, फक्त अंदाज करणारा जास्त शिकलेला. आणि साठ-सत्तर हजारांचा लॅपटॉप लावून डीव्हीडी सुधारायची म्हणजे हिशोबातच बसत नाही.

ब्लू-रे लिहिलंय म्हणजे सोनं असंही नाही हं. मूळ शूटिंगच कमी रिझोल्यूशनचं असेल तर ब्लू-रे काही करत नाही. डॅनी बॉयलचा "२८ डेज लेटर" हा पिक्चर जवळपास सगळा कॅननच्या एक्सएल-१ या मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर शूट झालेला, त्याची ब्लू-रे म्हणजे कारखान्यातच अपस्केल केलेलं चित्र, डीव्हीडीवाल्याने वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. आपल्याकडेही काही जुन्या हिंदी पिक्चरच्या ब्लू-रे अशा आहेत की निगेटिव्ह परत स्कॅन करायचा खर्च वाचवून जुनं मास्टर ताणून छापलेलं, ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) पुसून टाकलेला, चेहऱ्यावर पावडर. उलट नीट काम केलं की काय होतं याचं उदाहरण म्हणजे सत्यजित रायांची अपू त्रयी. मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबच्या आगीत जळली होती, त्यातलं जे वाचलं ते आणि बाकीच्या प्रती मिळवून इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये ४के रिस्टोअर केलं आणि २०१५ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीने ब्लू-रे काढली. पन्नासच्या दशकातला कृष्णधवल पिक्चर, आणि त्यातली बारकाई बघितल्यावर डीव्हीडी परत लावावीशीच वाटत नाही.

मराठीचं मात्र दुखणं वेगळं आहे. आपला जवळपास सगळा माल व्हीसीडी नाहीतर डीव्हीडीवरच आला. मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा घराघरांत ढीग झाले, मग ती कंपनी गेली, मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-डिस्कचं दुकान २०१६ ला बंद झालं, आणि ब्लू-रे आपल्या दुकानांत नीट रुजायच्या आधीच लोक मोबाइलवर गेले. त्यामुळे ज्याचं कपाट मराठी नाटकं आणि सिनेमांच्या डीव्हीडींनी भरलंय त्याला ब्लू-रे डिस्क घ्या सांगून उपयोग काय, त्या आहेतच कुठे. त्याला चांगलं अपस्केलिंगच हवंय. आणि ते त्याला ब्लू-रे प्लेअरमध्ये मिळतं. माझ्या सोनीत एक जुनं नाटक लावलं, स्टेजवर शूट केलेलं, व्हिडिओवरचं, तर स्वस्त प्लेअरमध्ये हात हलवला की बोटांना दाते यायचे ते इथे गायब, रंग बरोबर. एचडी झालं का, नाही झालं, पण ५५ इंचावर बघवतं, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

घेताना काय बघायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे घरात पीएस४ (प्लेस्टेशन ४) पडलेला असेल तर ब्लू-रे प्लेअर तुमच्याकडे आधीच आहे, मुलाला बाजूला करा आणि डिस्क टाका, डीव्हीडी पण चालते (ऑडिओ सीडी नाही चालत). पीएस५ डिस्कवाला असेल तर ४के ब्लू-रे सुद्धा चालते. नाहीतर मग प्लेअर शोधणं आता जरा कटकटीचं झालंय, सॅमसंगने अंग काढून घेतलं, ओप्पो गेला, राहिले मुख्यतः सोनी आणि पॅनासॉनिक, त्यामुळे सेकंड हँड बघायला हरकत नाही, पण जाताना स्वतःची एक डबल लेयर (दोन थरांची) डिस्क घेऊन जा आणि पिक्चरच्या मधल्या भागात जाऊन लावून बघा, लेझर थकलेला असेल तर लेयर बदलताना तिथेच अडकतो.

अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला आणायला सांगायचा मोह होतो, तिथे स्वस्त मिळतो म्हणून. सांगू नका. अमेरिकन ब्लू-रे प्लेअर बहुतेक पाल डीव्हीडी वाजवतच नाहीत, म्हणजे तुमच्या कपाटातला पाल माल बाद, शिवाय रिजनचा घोळ, म्हणजे एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर न चालणं. आपली डीव्हीडी रिजन ५ आणि ब्लू-रे रिजन सी, तिकडचं १ आणि ए. भारतात विकलेला प्लेअर घेतला तर उलट अडचण येते, क्रायटेरियनसारख्या रिजन ए लॉक असलेल्या डिस्क त्यात चालत नाहीत, मग मल्टीरिजन करून दिलेला प्लेअर शोधावा लागतो. ४के डिस्कला रिजनची भानगडच नाही, त्या कुठल्याही ४के प्लेअरमध्ये चालतात. आणि भाचा ऐकत नसेल तर निदान मागे व्होल्टेज काय लिहिलंय त्याचा फोटो मागवा, तिकडची वीज आपल्यापेक्षा कमी व्होल्टेजची असते.

व्हीसीडीचा ढीग असेल तर दुकानात एक व्हीसीडी टाकूनच बघा, ब्लू-रे प्लेअर सगळेच व्हीसीडी वाजवत नाहीत. आणि ३५२ बाय २८८ च्या त्या चित्राला ४के टीव्हीवर कुठलाही प्लेअर वाचवत नाही, ते बेडरूममधल्या छोट्या टीव्हीवर बघा, तिथे छान दिसतं. माझा तो स्वस्त अपस्केलिंगवाला आता तिथेच लावलाय, आउटपुट ५७६ वर.